दोन डिस्क, जागा एकीचीच

पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये दोन हार्डडिस्क बसवल्या, दोन्हींचं बिल लावलं आणि पडद्यावर जागा मात्र एकीचीच दिसली, की पहिला आक्षेप चेअरमनचा येतो आणि दुसरा लेखापरीक्षकांचा. डेडस्टॉक रजिस्टरला एक टेराबाइटच्या दोन डिस्क, मशीनवर एकच टेराबाइट. मग दुसरी गेली कुठे? अहिल्यानगरच्या सावेडी भागात वीसेक वर्षं हार्डवेअरचं काम करणाऱ्या एका तंत्रज्ञांना हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला की शेवटी त्यांनी उत्तर बिलाच्या मागच्या बाजूला छापूनच घेतलं: ‘दुसरी डिस्क पहिलीची हुबेहूब नक्कल ठेवते. तिची जागा वापरायला मिळणार नाही. एक बंद पडली तरी काम चालू राहील.’ तरीही दर मार्चला कुणीतरी फोन करतंच.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर त्यांनी संगणक जुळणीचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे सायबर कॅफे, टायपिंग इन्स्टिट्यूट आणि एखाद-दुसरी पतसंस्था. आज त्यांच्या वार्षिक देखभालीच्या यादीत पतसंस्था आहेत, दूध संकलन केंद्रं आहेत, दोन-तीन दवाखाने, फोटो स्टुडिओ आणि एक साखर कारखाना आहे. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण त्यांच्या तोंडी अजून ‘नगर’च येतं, गिऱ्हाइकांच्याही. त्यांचं नाव इथे दिलेलं नाही. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींत इतरांचे घोटाळे बरेच आहेत आणि ती मंडळी अजून त्यांची गिऱ्हाइकं आहेत.

अनेक डिस्क एकत्र जुळवून त्यांच्यावर माहिती अशी पसरायची की एखादी मेली तरी काम अडू नये, या पद्धतीला रेड म्हणतात. 1988 साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात ती व्यवस्थित मांडली. मोठ्या संगणकांना तेव्हा अवाढव्य, महागड्या डिस्क लागत. त्याऐवजी पीसीच्या छोट्या, स्वस्त डिस्क ढिगानं वापरल्या तर वेगही मिळेल आणि पैसेही वाचतील, असं त्यांचं म्हणणं. त्यातली अडचणही त्यांनीच आकड्यांत दाखवली. एक डिस्क सरासरी 30,000 तास टिकते असं धरलं, तर शंभर डिस्कच्या जुळणीत सरासरी दर 300 तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक तरी बंद पडणार. म्हणून जादा डिस्क ठेवायच्या आणि गेलेलीचा मजकूर उरलेल्यांवरून परत उभा करायचा.

हा 300 तासांचा आकडा नगरच्या तंत्रज्ञांचा फार लाडका. सर्व्हरमध्ये चार डिस्क बसवल्या म्हणजे आपण चौपट सुरक्षित झालो, असं समजणाऱ्या प्रत्येकाला ते तो ऐकवतात. डिस्क वाढल्या की बिघाडही वाढतात. फरक इतकाच की त्या बिघाडानं काउंटर बंद पडत नाही.

प्रकार अनेक आहेत. रेड 1 म्हणजे सरळ नक्कल. बाजारात तिला ‘मिररिंग’ म्हणतात. रेड 5 समजावून सांगायला त्यांनी पतसंस्थेतल्या कॅशियरची भाषा उचलली. तीन रकान्यांत तीन आकडे आणि चौथ्यात त्यांची बेरीज. कुठलाही एक आकडा पुसला गेला तर बेरजेतून बाकीचे वजा करून तो सापडतो. दोन पुसले गेले की सापडत नाही. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांवरची ‘एक्सॉर’ ही क्रिया असते आणि तो बेरजेचा रकाना एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर फिरता ठेवलेला असतो. रेड 6 मध्ये असे दोन हिशेब असतात, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी निभावतं. आणि रेड 0? त्यात नक्कल नाही आणि बेरीजही नाही. माहिती दोन डिस्कवर निम्मी-निम्मी वाटली जाते, वेग जवळपास दुप्पट होतो आणि दोन्हींपैकी कुठलीही एक गेली की सगळंच जातं. नाव मात्र रेडच. या नावानं जिल्ह्यातल्या एका फोटो स्टुडिओचं काय केलं, ते पुढे येईल.

सुरुवातीच्या वर्षांत चांगला माल आणायला पुण्याला जावं लागे, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि तिच्या आजूबाजूला. नगर-पुणे हा एसटीचा मूळ रस्ता. 1 जून 1948 ला राज्यातली पहिली एसटी याच मार्गावर धावली. त्या रस्त्यानं परत येताना हार्डडिस्कची पिशवी कायम मांडीवर. डिस्क बंद असताना तिचं हेड बाजूला उभं असतं, त्यामुळे गाडीच्या धक्क्यांनी सहसा काही होत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी पिशवी मांडीवरच. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी निघाला. दुकानदार एकाच खोक्यातल्या, लागोपाठ क्रमांकांच्या डिस्क काढून देई. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात बनलेल्या, एकाच ट्रकमधून आलेल्या आणि नंतर एकाच डब्यात, एकाच उष्णतेत रात्रंदिवस फिरणाऱ्या. एक गेली की दुसरीचेही दिवस भरत आलेले असत. आता ते मिररच्या दोन डिस्क कधीच एका दुकानातून घेत नाहीत: एक नगरमधून आणि एक पुण्याहून, शक्यतो वेगवेगळ्या महिन्यांतल्या.

त्या काळातला मोठा शत्रू म्हणजे भारनियमन. तालुक्याच्या गावात दिवसात कितीदा वीज जाईल याचा भरवसा नसे आणि यूपीएसच्या बॅटऱ्या वर्षा-दीड वर्षात माना टाकत. रेड 5 ला अचानक वीज जाणं विशेष मानवत नाही. आकडा लिहून झाला आणि बेरीज लिहायच्या आतच अंधार झाला, तर दोन्ही जुळेनासे होतात आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे कधीतरी डिस्क मरते, त्या चुकीच्या बेरजेतून चुकीचा आकडा उभा राहतो. महागड्या रेड कार्डावर यासाठी छोटी बॅटरी असते. वीज गेली तरी अर्धवट लिखाण ती धरून ठेवते. पण ती बॅटरीही मरते, आणि ती बदलायची असते हे गिऱ्हाइकाला सांगायला कार्ड विकणारा परत येत नाही.

विजेचा दुसरा प्रसंग त्यांच्या कामाला वळण देऊन गेला. एका गावात रोहित्राजवळ न्यूट्रल तुटला, सिंगल फेजच्या लाइनवर दाब चढला आणि अर्ध्या पेठेतले टीव्ही, फ्रीज जळाले. दूध संकलन केंद्रातल्या संगणकाचा मदरबोर्डही गेला. त्याच्या डिस्क ठणठणीत होत्या, पण रेड 5 त्या मदरबोर्डच्याच चिपवर बांधलेलं होतं. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाला त्या डिस्क लावल्या तर तो त्यांना कोऱ्या म्हणायचा. फॅट, एसएनएफ, प्रत्येक गवळ्याचं दहा दिवसांचं बिल, सगळं समोर ठेवलेलं आणि वाचता येत नाही. तोच बोर्ड नगरला मिळेना, पुण्यात मिळेना. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात एक सापडला. तोवर उत्पादकांना अंदाजानं उचल द्यावी लागली आणि केंद्राच्या दारात रोज सकाळी शिव्या खाव्या लागल्या.

त्यानंतर मदरबोर्डवरचं रेड त्यांनी सोडलं ते सोडलंच. लहान संस्थांसाठी ते लिनक्सवरचं सॉफ्टवेअर रेड लावू लागले. त्यात जुळणीची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते. मशीन जळालं तरी त्या काढून दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या की जुळणी उभी राहते. ते लावायला त्यांनी स्वतःच्या दुकानातल्या भंगार डिस्कवर सराव केला. जुळणी करायची, चालू मशीनमधून एका डिस्कची वायर ओढायची, काय होतं ते बघायचं आणि परत जोडायचं. या सवयीतून पुढे एक पद्धत तयार झाली. सर्व्हर बसवून झाला की चेअरमन, मॅनेजर आणि लिपिक यांना समोर बसवायचं, लिपिकाला एक पावती करायला सांगायची आणि ती छापली जात असतानाच एक वायर काढायची. चेअरमनांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. “आवो, काय करताय काय!” म्हणून एकजण खुर्चीतून उठलेच होते. पावती मात्र छापून येते. मग ते पडद्यावर जुळणीची स्थिती दाखवतात. एरवी तिथे चौकटी कंसात इंग्रजी ‘यू’ हे अक्षर दोनदा असतं; आता एक ‘यू’ आणि त्याच्या शेजारी रिकामी आडवी रेघ. “ही रेघ दिसली की मला फोन,” एवढंच ते लिपिकाला शिकवतात. बिलाच्या मागच्या तीन वाक्यांनी जे पटत नाही, ते या एका प्रयोगानं पटतं.

साखर कारखान्याचं काम मिळालं ते गळीत हंगामाच्या तोंडावर. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातच या जिल्ह्यातली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं उभारलेल्या कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. तेव्हा काट्यावर हातानं पावती लिहीत. आता उसाची गाडी काट्यावर चढली की वजन सरळ संगणकात उतरतं, आणि शेतकऱ्याचं बिल, तोडणी मजुरांचा हिशेब, वाहतूकदाराचं भाडं हे सगळं त्या एका नोंदीवर उभं राहतं. काटा थांबला की मागे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, गव्हाण रिकामी आणि शेतकी खात्यातले सगळे फोनवर.

ज्या कारखान्यात हे काम होतं, तिथे काट्याच्या खोलीत बगॅसचा भुसा पंख्यातून आत येई. हंगामाच्या ऐन मध्यावर एका रात्री मिररची एक डिस्क गेली. सर्व्हरनं त्यांच्या फोनवर मेल टाकला. ते पोचले, बंद पडलेली काढली, नवी सरकवली. उरलेल्या डिस्कवरून नवीवर नक्कल उतरायला पहाट झाली. बाहेर एकाही गाडीवानाला काही कळलं नाही, काटा क्षणभरही थांबला नाही. रेड लावतात ते अशाच रात्रीसाठी. आठवड्यानं लेखा विभागातून त्यांच्या बिलावर शेरा आला: ‘मशीन बंद पडल्याची नोंद नाही, दुरुस्ती कसली?’

ही गंमत ते नेहमी सांगतात, पण तिच्यातच त्यांच्या धंद्याचं दुखणं आहे. रेड नीट चाललं की बिघाड दिसेनासा होतो. आणि न दिसणाऱ्या बिघाडाकडे कुणी बघत नाही.

जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका पतसंस्थेत तीन डिस्कचं रेड 5 होतं, दुसऱ्याच कुणी बसवलेलं. देखभालीचा करार नव्हता. मार्चअखेरीला सर्व्हर उठेना म्हणून त्यांना बोलावलं. उघडून पाहिलं तर एक डिस्क आदल्या दिवशी गेली होती आणि दुसरी त्याच्या कितीतरी आधी, गणपतीच्या सुमारास. सहा महिने ती संस्था बेरजेच्या आधारावर चालत होती. कार्डाचा बझर वाजला नव्हता का? वाजला होता की. काउंटरवरच्या सगळ्यांनी तो ऐकला होता. पण यूपीएसही वाजतो, इन्व्हर्टरही वाजतो, भारनियमनाच्या दिवसांपासून त्या आवाजाची सवय झालेली. शिपायानं यूपीएसचं बटण दाबून पाहिलं, आवाज थांबेना. मग एका हुशार मुलानं कार्डाच्या मेनूत जाऊन बझर कायमचा बंद केला. सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढचं काम संगणकाचं राहिलंच नाही. डिस्क मुंबईला पाठवल्या, थोडंफार परत आलं. उरलेलं पासबुकांवरून, पिग्मी एजंटांच्या हातातल्या मशीनच्या चिठ्ठ्यांवरून आणि छापून ठेवलेल्या रोजमेळांवरून उभं करावं लागलं. बरं झालं की मॅनेजर जुन्या वळणाचे होते आणि दिवसअखेर झाल्यावर रोजमेळ छापून, सही करून फाइलला लावल्याशिवाय घरी जात नसत. तरुण मंडळी त्यांच्या या कागदांना हसत. सभासदांना ही गोष्ट कळली नाही; कळली असती तर दारात रांग लागली असती. ठेवीदाराचा विश्वास डळमळायला वेळ लागत नाही.

जी चूक अनेकांच्या हातून होते, तीही त्यांनी एका दवाखान्यात पाहिली. एक डिस्क गेली, दिवा लागला, आणि तिथल्या कर्मचाऱ्यानं उत्साहानं डिस्क काढली. शेजारची. चांगली. उरलेल्यांवर काय चालणार? सोनोग्राफीची सगळी चित्रं गायब. नशीब एवढंच की त्यानं घाबरून त्या ठिकाणी नवी डिस्क सरकवली नाही; जुनीच परत बसवून जुळणी जबरदस्तीनं उभी करता आली. तेव्हापासून प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर पांढऱ्या टेपची पट्टी असते आणि तिच्यावर मार्करनं डिस्कच्या क्रमांकाची शेवटची चार अक्षरं. मशीन सांगतं ‘अमुक क्रमांकाची गेली’. ती पट्टी बघायची आणि तीच ओढायची. कपाटातलं खोकं महागाचं असो की स्वस्तातलं, ही पट्टी त्यांच्याकडे असतेच.

2011 मध्ये थायलंडला महापूर आला. जगातल्या हार्डडिस्कचा मोठा वाटा तिथल्या कारखान्यांतून येई. ते पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत भाव दुपटीच्या आसपास गेले. नगरला त्याचा अर्थ असा की ज्या संस्थेला दिवाळीपूर्वी कोटेशन दिलं होतं, तिला डिसेंबरात नवा आकडा सांगावा लागला. “बँकॉकला पूर आला म्हणून पाथर्डीला भाव वाढतो काय?” असा सवाल एका संचालकांनी भर सभेत केला. सभेत हशा झाला, काम हातचं गेलं. त्या वर्षी कित्येकांनी दुसरी डिस्क रद्द केली आणि एकीवरच भागवलं. तसल्या मशीन पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्या दुकानात येत राहिल्या.

आता तो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग फोर-के झालं आणि एडिटिंगला जुन्या मशीन पुरेनात. तिथे कुणी तरी दोन चार-टेराबाइट डिस्क रेड 0 मध्ये जोडून दिल्या. मालकांना रेड हा शब्द माहीत होता, शून्याचा अर्थ माहीत नव्हता. “रेड आहे ना, मग चिंता कसली,” म्हणत त्यांनी कार्डं कोरी करून पुढच्या लग्नाला वापरली. दाट तिथींच्या दिवसांत एक डिस्क गेली. चित्रण रिकव्हरी करणाऱ्यांकडे पाठवलं, काही लग्नं मिळाली, काहींचे फेरे मिळाले आणि वरात गेली. मालकांनी तीन कुटुंबांचे पैसे परत केले. एका वधूपित्यानं मात्र पैसे घ्यायला नकार दिला आणि रोज संध्याकाळी स्टुडिओसमोर येऊन बसायला लागला.

योगायोग असा की बॅकअपचा आज सर्वत्र सांगितला जाणारा नियम एका छायाचित्रकारानंच रूढ केला. अमेरिकेतल्या पीटर क्रो यांनी 2005 मधल्या आपल्या पुस्तकात सांगितलं: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. स्टुडिओत आता चार डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी आहे, आणि त्यातल्या मजकुराची एक प्रत मालकांच्या घरी. तिथेही पहिल्यांदा डिस्क बदलली तेव्हा जुळणी परत उभी राहायला अनेक दिवस लागले. कारण नंतर कळलं. काही डिस्कमध्ये जास्त मजकूर मावावा म्हणून लिखाणाचे ट्रॅक एकावर एक चढवलेले असतात. वाचायला त्या ठीक, सलग मोठं लिखाण आलं की अडखळतात. 2020 मध्ये यावर जगभर ओरड झाली, कारण एका मोठ्या कंपनीनं नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत न सांगता वापरली होती. तेव्हापासून ते डिस्क घेण्याआधी तिची लेखनपद्धत तपासतात. साधी डेस्कटॉपची डिस्क रेडमध्ये घालत नाहीत, त्याचंही कारण आहे. खराब जागा लागली की ती वाचायचा हट्ट कितीतरी वेळ धरते. रेडसाठीची डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि काम पुढे जातं. हट्टी डिस्कला रेड कार्ड मेलेली समजून बाहेर काढतं.

मोठ्या डिस्कच्या रेड 5 वरून त्यांचा विश्वास उडाला तो साध्या गुणाकारानं. चार टेराबाइटच्या चार डिस्क, एक गेली. नवी भरायला उरलेल्या तिघी संपूर्ण वाचायच्या, म्हणजे बारा टेराबाइट. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की दर साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादी जागा वाचता न येणं कंपनीला मान्य आहे. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा पुष्कळ बऱ्या निघतात. तरी सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वेगानं एक डिस्क भरायलाच सात तासांवर वेळ, कामकाज चालू असेल तर त्याहून कितीतरी जास्त, आणि तेवढा सगळा वेळ उरलेल्या म्हाताऱ्या डिस्कना पळवायचं. मोठ्या जुळणीला ते आता रेड 6 लावतात. पतसंस्थेला दोन डिस्कचा मिरर पुरतो.

डिस्क मरण्याआधी सांगत नाही का? तिच्या आत स्वतःची तब्येत नोंदवणारी यंत्रणा असते. पण 2007 मध्ये गूगलच्या अभ्यासकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला, त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कवर चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही आलेला नव्हता. इशारा आला तर बदला. नाही आला म्हणून निर्धास्त राहू नका, असा त्याचा अर्थ ते लावतात. म्हणून तपासणी ठरलेल्या वेळी. डेबियन लिनक्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर ती आपोआप सुरू होते आणि सगळ्या डिस्क शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्या जातात. एका पतसंस्थेच्या रखवालदारानं अशाच एका रात्री काचेतून दिवे लुकलुकताना पाहिले आणि “आत कुणी नाही अन् मशीन चालू आहे,” म्हणून थेट मॅनेजरांना उठवलं. त्या रखवालदाराचं त्यांना फार कौतुक. दिव्यांकडे बघणारा त्या संस्थेत तो एकटाच.

2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षी मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात तसल्याच एका प्रोग्रॅमनं टॅलीचा सगळा डेटा कुलूपबंद केला. जीएसटी 1 जुलैला लागू झालेला, विवरणपत्रांची घाई. मिरर उत्तम चालू होता, दोन्ही डिस्कवर सारखाच कुलूपबंद डेटा. बॅकअपही रोज होत होता, त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर, तोही कुलूपबंद. नक्कल करणाऱ्या डिस्कला काय बरोबर आणि काय चूक हे कळत नाही. एकीवर पुसलं की दुसरीवर त्याच क्षणी पुसलं जातं. मार्चअखेरपर्यंतचे हिशेब वाचले ते सीएच्या कार्यालयात ऑडिटसाठी दिलेल्या पेनड्राइव्हमुळे. एप्रिलपासूनचं सगळं पट्ट्यांवरून आणि रोजकीर्दीवरून परत चढवलं.

डिस्क शाबूत असूनही काम अडणं फक्त नगरच्या आडत्याच्याच वाट्याला आलं असं नाही. 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11.40 ला थांबले आणि दुपारी 3.45 ला सुरू होऊन त्या दिवसापुरते पाचपर्यंत चालले. दूरसंचार जोडण्या दोन कंपन्यांच्या होत्या, पर्यायी केंद्र होतं, साठवणुकीची जुळणी तर उत्तम प्रतीची. जोडण्यांत बिघाड झाला आणि मुख्य केंद्रातली साठवण सर्व्हरना दिसेनाशी झाली. डिस्क शाबूत होत्या. त्या आठवड्यात या तंत्रज्ञांना गिऱ्हाइकांचे फोन आले, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला एकच विचारलं: तुमच्याकडे इंटरनेट गेलं, मदरबोर्ड गेला, किंवा मी गावाला गेलो, तर काय कराल ते लिहून ठेवलंय का?

बहुतेकांनी लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून आता ते देखभालीचा करार करताना डिस्कच्या आधी माणसाचं नाव मागतात. मेल कुणाच्या फोनवर जाणार, तो सुट्टीवर असेल तर कुणाच्या, आणि शिल्लक डिस्क कपाटाच्या कुठल्या कप्प्यात. ती शिल्लक डिस्क करारातच घालतात, कारण रात्री नगरमध्ये ती कुठे मिळणार? रोजचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत जातो, आणि तीन महिन्यांतून एकदा तो दुकानातल्या रिकाम्या मशीनवर उतरवून एखाद्या सभासदाचं खातं उघडून बघतात. अट मान्य नसेल तर ते काम घेत नाहीत. यात काही गिऱ्हाइकं गेली. अटी न घालता जो नुसतं बसवून देतो, त्याच्याकडे गेली.

वाचकांपैकी कुणी पतसंस्थेचे, दूध संस्थेचे किंवा शाळेचे संचालक असतील, तर त्यांनी येत्या मासिक सभेत मॅनेजरांना दोन गोष्टी विचाराव्यात. सर्व्हरच्या सगळ्या डिस्क चालू आहेत हे शेवटचं कुणी पाहिलं? आणि शेवटचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून कधी तपासला? दोन्ही उत्तरं तारखेनिशी मागावीत आणि इतिवृत्तात लिहून घ्यावीत.